माओरी शिकताना इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका: या चुका टाळा

न्यूझीलंडला गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर ‘किआ ओरा’ हा नमस्कार पहिल्याच दिवशी पडतो. पुढे मुलांच्या शाळेमुळे किंवा ऑफिसातल्या कार्यक्रमांमुळे ‘ते रेओ’, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा, थोडीफार शिकायची वेळ येते. वर्ग इंग्रजीतून, पुस्तकं इंग्रजीतून, त्यामुळे आपणही प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवतो आणि मग माओरीत नेतो. बऱ्याचशा चुका या वळशातच होतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना माओरीत जे अवघड जातं, त्यातलं पुष्कळसं आपण मराठीत रोज बोलत असतो.

(माओरी रोमन लिपीत लिहितात. इथे देवनागरीत लिहिताना, मराठी वाचक अ गिळून टाकेल अशा ठिकाणी आ लिहिला आहे. माओरीत प्रत्येक शब्द स्वरावर संपतो आणि तो स्वर पूर्ण उच्चारायचा असतो.)

स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचणं

माओरीत पाच स्वर आणि दहा व्यंजनं. स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ सारखे, आणि ते कुठेही बदलत नाहीत. ऑकलंडच्या ओनेहुङा या उपनगराचं नाव पाटीवर पाहून नवखा माणूस सुरुवातीलाच इंग्रजीतला ‘वन’ वाचतो. पापातोएतोए इथे तर भारतीय वस्ती भरपूर आहे, तरी तिथेही तो ‘टोई’ असंच म्हणतो.

एन-जी ही जोडी म्हणजे ‘वाङ्मय’मधला ङ. तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो, तिथे मात्र सराव लागतो. डब्ल्यू-एचचा उच्चार बहुतेक भागांत फ च्या जवळ जातो, म्हणून फाङारेइ हे गावाचं नाव फ ने सुरू होतं. व्हांगानुई आणि तारानाकीकडचे लोक मात्र तो वेगळा, व च्या अंगाने करतात. तिथे गेलात तर त्यांचं ऐकून तसं बोला. र आपल्यासारखाच, जिभेचा हलका ठोका देणारा. इंग्रजी र इथे आणू नका.

डोक्यावरची रेघ सोडून देणं

स्वरावरची आडवी रेघ म्हणजे दीर्घ स्वर. मतुआ म्हणजे वडील, मातुआ म्हणजे आईवडील. काइङा म्हणजे घर. पहिल्या स्वरावरची रेघ गाळली की कइङा होतं, म्हणजे ‘खाल्लं गेलं’. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ केलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागू नये. अडचण ए आणि ओ यांची. माओरीत त्यांचेही ऱ्हस्व-दीर्घ आहेत, मराठीत नाहीत, म्हणून ते कानाने ऐकूनच पक्के करावे लागतात.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ एकच समजणं

इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. माओरीत समोरच्याला धरून बोलायचं तर तातोउ, त्याला वगळून बोलायचं तर मातोउ. ‘का हाएरे तातोउ’ म्हणजे आपण जाऊ. ‘का हाएरे मातोउ’ म्हणजे आम्ही जातो, तुम्ही नाही. सगळ्यांना जेवायला बोलावताना मातोउ म्हटलंत तर पाहुण्यांना पंगतीतून उठवल्यासारखं होईल. इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला हा भेद घोकावा लागतो. तुम्ही वाक्य आधी मराठीत म्हणा, उत्तर आपोआप मिळेल.

वर एक पायरी आहे: दोघांसाठी वेगळी रूपं. तू आणि मी असलो तर ताउआ, तो आणि मी असलो तर माउआ. शाळेत संस्कृतचं द्विवचन शिकला असाल तर ते इथे कामाला येईल, मात्र फक्त सर्वनामांपुरतं.

मोजतानाही इंग्रजी विसरा. मराठीत दोन मांजरं, पण मुलं दोघं. माओरीत मांजरं ‘ए रुआ’ आणि माणसं ‘तोकोरुआ’; तिघं असतील तर ‘तोकोतोरु’. हे नातं लक्षात आलं की मला तरी माओरी परकी वाटेनाशी होते.

मराठीने घात करण्याच्या जागा

एकट्या वडीलधाऱ्या माणसाला आपण आदराने ‘तुम्ही’ म्हणतो आणि तोच संस्कार माओरीत नेऊन त्यांना ‘तेना कोउतोउ’ असा नमस्कार करतो. कोउतोउ म्हणजे तीन किंवा अधिक माणसं. एकासाठी ‘तेना कोए’, दोघांसाठी ‘तेना कोरुआ’. वयाचा मान संबोधनातून द्यायचा: आजोबांच्या वयाच्या माणसाला ‘तेना कोए, ए कोरो’, आजीला ‘ए कुइ’.

दुसरी जागा लिंगाची. तो, ती, ते या तिन्हींसाठी माओरीत एकच ‘इआ’. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, असं काही शोधत बसू नका.

भावाबहिणींच्या शब्दांत तर इंग्रजी आणि मराठी दोन्ही अपुऱ्या पडतात. पुरुषाचा मोठा भाऊ किंवा स्त्रीची मोठी बहीण म्हणजे तुआकाना. धाकटं भावंड त्याच नियमाने तेइना. पुरुषाची बहीण तुआहिने, स्त्रीचा भाऊ तुङाने. बोलणारा कोण, यावर शब्द ठरतो. पुरुषाने स्वतःच्या भावाला तुङाने म्हणणं ही नेहमीची चूक आहे.

‘माझं’ म्हणताना अडखळणं

मराठीत वस्तूच्या लिंगावरून माझा, माझी, माझं. माओरीत तुमचं तिच्याशी नातं काय, ते पाहतात. तुमच्या ताब्यातलं, तुम्ही सांभाळता ते ‘ताकु’: मूल, नातवंड, जेवण, पुस्तक. तुम्हाला धारण करणारं, तुमच्या वरचं किंवा तुमचंच अंग असलेलं ‘तोकु’: आईवडील, घर, गाडी, हात. म्हणून कुत्रा ‘ताकु कुरी’, पण घोडा ‘तोकु होइहो’, कारण तो तुम्हाला वाहून नेतो. बोलताना अडलात तर ऱ्हस्व स्वराचा ‘तकु’ वापरा. तो दोन्हीकडे चालतो.

इंग्रजी वाक्यरचना

काळ दाखवणारा शब्द आधी, मग क्रिया, मग कर्ता. ‘मी दुकानात जातोय’ हे ‘केइ ते हाएरे आउ कि ते तोआ’. कर्त्यापासून सुरुवात करायची सवय मोडावी लागते. कर्मणी प्रयोगाला मात्र घाबरू नका. इंग्रजीत तो टाळायला शिकवतात, माओरीत तो रोजच्या बोलण्यात आहे. ‘इ कइङा ते इका ए ते ङेरु’ म्हणजे मांजराने मासा खाल्ला, आणि तो ‘ए’ आपल्या ‘ने’चं काम करतो.

हे इतकं काटेकोर का, असं कुणी विचारेल. 1867 च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी हे शिक्षणाचं माध्यम झालं आणि पुढे कित्येक मुलांनी स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला. 14 सप्टेंबर 1972 ला ती शाळांत शिकवावी म्हणून तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेत गेला, 1982 मध्ये कोहाङा रेओ ही बालवर्गांची चळवळ उभी राहिली, आणि 1987 मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. इतक्या कष्टाने परत मिळवलेली भाषा आपण पाहुणे म्हणून नीट बोलावी, असं मला मनापासून वाटतं.

फोनच्या भाषा-सेटिंगमध्ये माओरी कीबोर्ड जोडून घ्या. स्वराची कळ दाबून धरली की रेघ असलेलं अक्षर मिळतं. शब्दाबद्दल शंका आली तर ‘ते आका’ हा ऑनलाइन कोश उघडा. त्यात बऱ्याच शब्दांचे उच्चार ऐकताही येतात.