पंपसेटमध्ये बायोडिझेल घालण्याआधी

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात आमचा पाच हॉर्सपॉवरचा डिझेल पंप आहे. भात निघालं की त्याच रानात मसूर आणि थोडी भाजी करतो. लाइट नसली की सगळा भार पंपावर. काही वर्षं झाली, मी त्यात बायोडिझेल, म्हणजे बियांच्या किंवा वापरलेल्या तेलापासून बनवलेलं डिझेलसारखं इंधन, मिसळतो. गावातली पोरं विचारतात, ‘अण्णा, आम्हीपण घालू काय?’ घाला, पण आधी एवढं बघून घ्या.

विकणाऱ्याला पहिलं विचारायचं, हे कशाच्या तेलाचं? हॉटेलातलं, भज्यांच्या गाड्यांवरचं तळून काळं झालेलं तेल असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. नाहीतर ते गटारात जातं किंवा पुन्हा कढईत. टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळायला वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे, आणि असं तेल बायोडिझेलकडे वळवायची योजनाही त्याच वर्षी निघाली.

बांधावरच्या करंजाचं, कानडीत ज्याला होंगे म्हणतात, त्याचं असेल तरी घ्या. करंजाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, तेल खाण्याचं नाही, आणि पेंड खताला येते. पामतेलाचं मात्र मी घेत नाही. इंडोनेशियात जंगलं तोडून, दलदलीची जमीन सुकवून पाम लावला गेला. त्या जमिनीतून जेवढा कार्बन हवेत गेला तो भरून निघायला कित्येक दशकं, दलदलीच्या जमिनीत तर शेकडो वर्षं लागतात.

करंजाचाही हिशेब मांडू. १०० किलो बिया घाण्याला दिल्या की २५ किलोच्या आसपास तेल येतं. त्याचं बायोडिझेल साधारण २७ लिटर. आमचा पंप तासाला लिटरभर पितो, म्हणजे २७ तासांचं पाणी. एवढ्यासाठी भाताचं रान करंजाखाली घालायचं नाही. बांध, ओढ्याचा काठ, पडकी जागा, तिथंच लावायचा. २००३ च्या सुमाराला मोगली एरंडाचा (जट्रोफाचा) असाच गवगवा झाला होता. पडीक रानात, पाण्याशिवाय पीक येईल म्हणत होते. झाडं जगली, पण बिया म्हणाव्या तशा धरल्या नाहीत.

धुराचा फरक खरा आहे. या इंधनात वजनाच्या ११ टक्के ऑक्सिजन असतो आणि गंधक जवळजवळ नसतंच, म्हणून काजळी कमी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००२ मध्ये जुन्या मोठ्या इंजिनांच्या चाचण्यांचा आढावा घेतला. २० टक्के मिश्रणात धुरातले कण १० टक्क्यांनी आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी घटला, पण नायट्रोजन ऑक्साइड २ टक्के वाढले. लिटरमागे ताकदही डिझेलपेक्षा थोडी कमीच. आणि बनवताना लागणारं मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायूपासून येतं, तेव्हा ‘शंभर टक्के हिरवं’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

आता टाकीकडे. पहिल्या वर्षी मी जुन्या इंजिनात एकदम निव्वळ बायोडिझेल भरलं. रात्री पाणी पाजताना पंप दोनदा गचके खाऊन बंद पडला. बॅटरीच्या उजेडात फिल्टर उघडला तर आत काकवीसारखा काळा गाळ. डिझेलने वर्षानुवर्षं टाकीत धरलेला थर या इंधनाने सोडवून आणला होता. रबरी नळी फुगून मऊ पडली होती, बोटाने दाबली की ठसा राहायचा. म्हणून टाकी धुऊन घ्या, साध्या रबराची नळी बदलून व्हायटॉनची (या इंधनाने न फुगणाऱ्या रबराची) घाला, २० टक्क्यांपासून सुरू करा, आणि पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलाच. नव्या बीएस-६ गाडीत कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच्यावर थेंबही नको.

घेताना घरच्या घरी परीक्षा होते. काचेच्या बाटलीत अर्धं पाणी, अर्धं बायोडिझेल घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. अर्ध्या तासात दोन थर स्वच्छ वेगळे झाले पाहिजेत. मधे ताकासारखा पांढरा पट्टा राहिला तर बनवताना तयार झालेला साबण त्यात शिल्लक आहे, परत करा.

पावसाळ्याआधी ड्रम रिकामा करायचा. हे इंधन हवेतली ओल ओढतं, मग तळाला शेवाळल्यासारखा चिकट गाळ धरतो. तीन-चार महिन्यांत संपेल तेवढंच आणा.

घरी बनवायच्या नादाला लागू नका. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, वाफही घातक, आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. शिवाय बायोडिझेल धुतलेलं पाणी साबण, कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉलने भरलेलं असतं. ते कुठं ओतणार? बळ्ळारी नाल्यात ओतलं तर आषाढात तेच पाणी आमच्या भातात चढतं.