निर्मनुष्य पठारे आणि ताहोची दरी : स्पेनमधील खडीच्या वाटांवरचा सायकलप्रवास कसा आखावा

या प्रदेशात सायकलचा दिवस किलोमीटरांवरून आखू नये. पुढचे पाणी कोठे आहे आणि पुढच्या गावातले दुकान किती वाजता बंद होते, यांवरून आखावा. तेरुएल, ग्वादालाहारा आणि कुएन्का हे स्पेनचे तीन प्रांत जेथे एकमेकांना भिडतात, तेथे हजार ते अठराशे मीटर उंचीची पठारे आहेत, त्यांना कापत गेलेल्या नद्यांच्या खोल दऱ्या आहेत आणि माणसे मात्र फार थोडी आहेत. तेरुएल प्रांतात चौरस किलोमीटरमागे जेमतेम ९ माणसे राहतात, आणि शेजारच्या मोलिना दे आरागोनच्या मुलखात त्याहूनही कमी. विसाव्या शतकाच्या मध्यापासून इथली तरुण माणसे कामधंद्यासाठी शहरांकडे गेली आणि बहुतेक परतली नाहीत. दिवसभरात एकही मोटार भेटली नाही तर येथे कोणाला नवल वाटत नाही. पण सायकल नादुरुस्त होऊन तुम्ही रस्त्यात बसलात आणि तासन्‌तास कोणी फिरकले नाही, तर त्याचेही नवल वाटून घेऊ नये.

वस्ती एवढी विरळ, तर मग एवढे रस्ते आले कोठून, हे आधी समजून घ्यावे, कारण वाट निवडताना त्याचा उपयोग होतो. जंगलातले रुंद कच्चे रस्ते लाकूडतोडीसाठी आणि वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेले आहेत. त्यांचा चढ सहसा बेताचा असतो आणि ग्रॅव्हल सायकलला, म्हणजे खडीच्या वाटांसाठी रुंद टायर लावलेल्या सायकलला, ते सर्वांत मानवतात. पठारावरचे सरळसोट रस्ते शेतजमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळी आखले गेले. ते वेगाचे आहेत, पण तेथे सावली नाही आणि वाऱ्याला आडोसाही नाही. तिसरा प्रकार मेंढपाळांच्या जुन्या वाटांचा. राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला संरक्षण दिले, आणि हिवाळ्यात कळप दक्षिणेकडे नेण्याच्या त्यांच्या मोठ्या वाटांची रुंदी जुन्या स्पॅनिश मापाने ९० ‘वारा’, म्हणजे सुमारे ७५ मीटर, ठरली. या वाटा आजही सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि १९९५ च्या कायद्याने त्यांवरून सायकल नेता येते. मात्र त्यांपैकी पुष्कळ आता नुसत्या गवताळ पट्ट्यांच्या रूपात उरल्या आहेत, म्हणून नकाशावर रेघ दिसते एवढ्यावर विसंबून लांबचा टप्पा त्यांवर टाकू नये.

पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतःचा मार्ग आखण्याच्या भरीस न पडता ‘मोन्तान्यास वासियास’, म्हणजे ‘ओसाड डोंगर’, या मार्गाची जीपीएस फाइल घ्यावी. एर्नेस्तो पास्तोर यांनी आखलेला हा सुमारे ६८० किलोमीटरचा फेरा तेरुएल शहरातून निघतो आणि तेथेच परततो. सगळा फेरा करण्याचा अट्टहास नको. आठवडाभराची सवड असेल तर त्यातला अर्धा भाग निवांतपणे करण्यात अधिक गोडी आहे. कच्च्या रस्त्याची अजिबात सवय नसेल, तर आधी दोन दिवस ‘ओहोस नेग्रोस’च्या हरितमार्गावर घालवावेत. हा १९७२ मध्ये बंद पडलेल्या खनिज-रेल्वेचा मार्ग आहे. लोहखनिज खाणीतून सागुन्तोच्या बंदराकडे नेण्यासाठी तो बांधला होता, त्यामुळे त्यावर कोठेही छातीवर येणारा चढ नाही.

माझ्या मते या सगळ्या मुलखाचे खरे वैभव वरच्या ताहो नदीच्या दरीत आहे. ताहो नदी फ्रियास दे अल्बारासीन गावाजवळ उगम पावते आणि हजार किलोमीटर वाहून लिस्बनजवळ अटलांटिकला मिळते. त्याच डोंगररांगेत उगवणाऱ्या ग्वादालाव्हियार आणि हुकार या नद्या मात्र भूमध्य समुद्राकडे वळतात. मोलिना दे आरागोनच्या किल्ल्याखालून निघून गायो नदीच्या कडेने ‘बारांको दे ला ओस’ या तांबड्या कड्यांच्या घळीत शिरावे. कड्याच्या पायथ्याशी देवीचे जुने स्थान आहे आणि तेथील झऱ्यावर बाटल्या भरता येतात. पुढे तोरेते आणि कुएवास लाब्रादास ही गावे मागे टाकत खाली गेले की ‘पुएन्ते दे सान पेद्रो’ या पुलापाशी गायो ताहोला मिळते. तेथून ताहोच्या वरच्या अंगाला पेरालेहोस दे लास त्रुचास गावाकडे जावे. या पात्रातून एकेकाळी ओंडके सोडले जात आणि हातात आकडी असलेल्या लांब काठ्या घेऊन ‘गान्चेरो’ लोक त्यांना वाट दाखवत खाली नेत. ओंडके वाहून नेण्याच्या या विद्येची २०२२ मध्ये युनेस्कोने स्पेनसह सहा देशांचा सामायिक वारसा म्हणून नोंद केली.

दरीत उतरताना घाई करू नये. पठाराच्या कडेवरून रस्ता वळणे घेत खाली झेपावतो, आणि प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुटी खडी ढिगाने साचलेली असते. गाड्यांच्या चाकांनी दाबलेल्या चाकोरीतच सायकल ठेवावी, वेग वळणाच्या आधी कमी करावा आणि प्रत्यक्ष वळणात पुढचा ब्रेक दाबू नये. दोन्ही ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडे दाबून सोडत गेल्यास ब्रेकची डिस्क तापत नाही. मध्येच एखाद्या वळणावर थांबून वर पाहावे. कड्याच्या कपारींमधून तपकिरी पंखांची मोठी गिधाडे एकामागून एक वाऱ्यावर तरंगत बाहेर पडतात आणि त्यांची सावली रस्त्यावरून सरकत जाते. जनावरांच्या औषधातील डायक्लोफेनॅकमुळे आपल्याकडची गिधाडे डोळ्यांदेखत संपत गेली, त्यामुळे एकाच आभाळात ती अशी विसांच्या संख्येने पाहताना मराठी माणसाचा पाय पेडलवरून आपोआप खाली येतो.

सायकलच्या बाबतीत तीन गोष्टींवर तडजोड करू नये. टायर किमान ४५ मिलिमीटर रुंद आणि ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेले, असावेत, कारण रस्त्याकडेच्या काट्यांनी होणारी बारीक भोके टायरमध्ये ओतलेले सीलंट हे द्रव आपोआप बुजवते. सत्तर किलोच्या आसपासच्या सायकलस्वाराने सामानासह ३० पीएसआयच्या (टायरमधील हवेच्या दाबाचे एकक) जवळपास हवा ठेवावी. सर्वांत हलका गिअर इतका हलका असावा की लादलेली सायकल बसल्याजागी चढावर नेता येईल. आणि सुटा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, बरोबर घ्यावा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि या गावांत सायकलचे दुकान नसते. चार किंवा पाच दिवसांचे सामान दहा किलोंच्या आत बसले तर दिवसाला ५० ते ६० किलोमीटर आणि हजारभर मीटर चढ झेपतो. त्याहून मोठे आकडे कागदावर सोपे दिसतात, पण दुपारच्या उन्हात महाग पडतात.

मे-जून आणि सप्टेंबर ते मध्य-ऑक्टोबर हाच योग्य काळ. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर ऊन भाजून काढते आणि दुपारनंतर विजांचा कडकडाट होतो. तर मोलिनात २८ जानेवारी १९५२ रोजी उणे २८.२ अंश तापमान नोंदले गेले आहे, यावरून हिवाळ्याची कल्पना यावी. मे महिन्यातही पहाटे गवतावर हिमकण असू शकतात, म्हणून हातमोजे आणि पातळ उबदार जाकीट लागतेच. पावसाबद्दल एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पठारावरची चिकणमाती भिजली की आपल्याकडच्या काळ्या रानात चपला जशा मणभर होतात, तशी सायकल होते : माती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये ठासून बसते, चाक फिरत नाही आणि जोर लावल्यास डिरेलर तुटतो. अशा वेळी पेडल मारू नये. काठीने माती खरवडून सायकल गवतावरून ढकलत न्यावी, किंवा शक्य असेल तर दोन तास थांबावे. तेथील वारा कोरडा आहे, आणि वाळलेली माती हाताने सुटून येते.

तीन लिटर पाणी वाहून नेण्याची सोय ठेवावी. प्रत्येक गावात चौकाजवळ दगडी कारंजे असते. ‘आग्वा नो पोताब्ले’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नये. ‘सिन त्रातार’ लिहिले असेल तर पाण्यावर प्रक्रिया झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ असतो, तेव्हा गाळणी वापरावी किंवा गावकऱ्याला ‘से पुएदे बेबेर?’ (पिता येईल का?) असे विचारावे. खाण्याचे वेळापत्रक गावाचे पाळावे. दुकान असलेच तर दोनच्या सुमारास बंद होते, पाचनंतर उघडते आणि रविवारी उघडेलच असे नाही. लहान गावांत दुकानच नसते. पाववाला आपली गाडी घेऊन येतो, चौकात हॉर्न वाजवतो आणि घराघरांतून आजीबाई पिशव्या घेऊन बाहेर येतात. त्या रांगेत उभे राहिल्यास पाव मिळतोच, शिवाय पुढच्या गावातला बार आज उघडा आहे की नाही ही अधिक मोलाची माहितीही मिळते. सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि एका दिवसाचे खाणे नेहमी राखून ठेवावे.

मुक्काम शक्यतो गावातल्या साध्या लॉजमध्ये किंवा ग्रामीण घरात आधी फोन करून ठरवावा. तंबूचे नियम प्रत्येक स्वायत्त प्रांतागणिक बदलतात आणि संरक्षित निसर्गउद्यानांत ते कडक असतात. चूल कोठेही पेटवू नये. जुलै २००५ मध्ये याच मुलखात, रिबा दे सायेलिसेसजवळ, सहलीला आलेल्यांच्या शेगडीतून वणवा पेटला, हजारो हेक्टर जंगल जळाले आणि तो विझवायला गेलेली ११ माणसे त्यात मरण पावली. थंड जेवणावर एक रात्र काढणे त्यापुढे काहीच नाही.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो; प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर हेल्मेट सक्तीचे आहे आणि वाहने उजवीकडून चालतात. फोनला दऱ्यांत रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. संकटाचा क्रमांक ११२. कर्णावर काळी-पांढरी विभागलेली छोटी पाटी म्हणजे शिकारीचे राखीव क्षेत्र. सार्वजनिक वाट त्यामुळे बंद होत नाही, परंतु ऑक्टोबरपासूनच्या शनिवार-रविवारी शिकारीची सूचना लावलेली दिसली तर मागे फिरावे.

कळपाची राखण करणारे मास्तीन कुत्रे शेवटचे, पण त्यांची तयारी मनाने आधीच करून ठेवावी. ते सत्तर-ऐंशी किलोंचेही असू शकतात आणि लांडग्यापासून मेंढ्या राखण्यासाठीच त्यांना वाढवलेले असते. भुंकत धावून आले तर पळ काढू नये. सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरावी, त्यांच्या डोळ्यांत न पाहता शांत आवाजात बोलत कळपाला मोठा वळसा घालून चालत जावे. मेंढपाळ दिसला तर लांबूनच हात उंचावून ‘बुएनोस दियास’ म्हणावे आणि तो शीळ घालून कुत्र्यांना मागे बोलावेपर्यंत तेथेच उभे राहावे.