रेव्हिटसाठी मशीन घेताना आधी प्रोसेसर, मग रॅम आणि शेवटी कार्ड

आर्किटेक्चरची किंवा सिव्हिलची मुलं तिसऱ्या वर्षाला आली की माझ्याकडे एक प्रश्न नेमाने येतो : "दादा, रेव्हिट नीट चालेल असा लॅपटॉप सांग ना." रेव्हिट म्हणजे इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. प्रश्नासोबत एखाद्या गेमिंग लॅपटॉपचा फोटो असतो. त्यात ग्राफिक्स कार्डचं नाव ठळक दिसतं, रॅमचा आकडा कधी असतो कधी नसतो, आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारला तर पुन्हा दुकानात फोन लावावा लागतो. मी पुण्यात बीआयएम कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे इमारतीची वेगवेगळी डिजिटल मॉडेल एकमेकांशी जुळवून घेतो. हॉस्पिटल आणि लॅबच्या इमारती, त्यातही एमईपीचं, म्हणजे एसी, वीज आणि पाण्याच्या व्यवस्थेचं काम जास्त. अशा मॉडेलवर रोज बसलं की मशीन नेमकं कुठे अडतं ते कळत जातं. पहिलं मशीन बहुतेकांचं घरच्या पैशातून येतं आणि ते चार-पाच वर्षं पुरवायचं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रेव्हिट हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर नाही, तो इमारतीचा डेटाबेस आहे. तुम्ही एक भिंत अर्धा फूट सरकवली की तिला जोडलेल्या भिंती, त्यातली दारं, खोलीचं क्षेत्रफळ, शेड्यूलमधले आकडे, सेक्शन आणि शीटवरची मापं, सगळं एकापाठोपाठ बदलतं. आधीच्या पायरीचं उत्तर आल्याशिवाय पुढची पायरी सुरू होत नाही. त्यामुळे हे काम प्रोसेसरच्या दहा-वीस कोअरमध्ये (आतल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांत) वाटून देता येत नाही, एकाच कोअरला ओढावं लागतं. रेंडरिंग (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र बनवणं) किंवा पॉइंट क्लाउड (लेझर स्कॅनचे ठिपके) दाखवणं अशा काही कामांत जास्त कोअर वापरले जातात, पण दिवसभर आपण मॉडेलमध्ये बदल करत बसतो, आणि तिथे त्या एका कोअरचा वेग महत्त्वाचा.

हे स्वतः बघता येतं. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या (एका कोअरमध्ये कामाच्या दोन रांगा, त्या थ्रेड) मशीनवर एखादं जड मॉडेल उघडा, शेजारी टास्क मॅनेजर लावा आणि बऱ्याच गोष्टी एकदम बदलणारी कमांड द्या. खिडकीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येईल, माउस गोल फिरत राहील आणि सीपीयूचा आकडा मात्र ८-१० टक्क्यांच्या आसपास रेंगाळताना दिसेल. नवीन माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामा आहे, मग कार्डच कमी पडत असणार. पण १०० भागिले १२ म्हणजे साधारण ८. एक थ्रेड पूर्ण भरलाय आणि बाकीचे त्याची वाट बघत बसलेत, असा त्या ८ टक्क्यांचा अर्थ. हा एक आकडा वाचता आला तरी चुकीच्या खरेदीतून बरेच जण वाचतील.

म्हणूनच जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या झिऑन प्रोसेसरच्या वर्कस्टेशनपासून मी मुलांना लांब ठेवतो. जाहिरात बघून कुणालाही मोह होईल : दोन प्रोसेसर, मिळून २८ कोअर, १२८ जीबी रॅम आणि किंमत नव्या लॅपटॉपपेक्षा कमी. त्यात बऱ्याचदा ई५-२६८० व्ही४ असतो, म्हणजे २०१६ चा, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि फार ताणला तर ३.३. आजचा मध्यम दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर ४.५ च्या पुढे जातो, शिवाय त्याच वेगात जास्त काम उरकतो. भाकरी एकच थापायची असेल तर चुलीपाशी २८ जण बसवून ती लवकर होत नाही. ज्यांचं काम रात्रभर व्ही-रे या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरवर रेंडर लावायचं आहे त्यांना त्या मशीनचा उपयोग आहे. रेव्हिटवाल्याने ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅमबाबत रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कनेच अंदाज दिलेला आहे. अलीकडच्या आवृत्त्यांसाठी साधारण १०० एमबीच्या एका मॉडेलला १६ जीबी, ३०० एमबीपर्यंत ३२ आणि ७०० एमबीपर्यंत ६४. इथे 'एका' हा शब्द नीट वाचा. हॉस्पिटलच्या कामात मी एमईपीची फाइल उघडतो तेव्हा तिला आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, फायर आणि इलेक्ट्रिकलच्या फाइली लिंक केलेल्या असतात आणि लोड झालेली प्रत्येक लिंक रॅममध्ये जागा घेते. वर नेव्हिसवर्क्स (सगळी मॉडेल एकत्र तपासायचं सॉफ्टवेअर) उघडं, ब्राउझरचे वीस टॅब आणि मीटिंग चालू. रॅम भरली की विंडोज एसएसडीवर माल टाकायला लागतं आणि कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगमध्ये डक्ट आणि केबल ट्रेचा सेक्शन सरकवताना स्क्रीन धक्के खात चालते. कॉलेजच्या बंगल्याला किंवा छोट्या अपार्टमेंटला १६ पुरतात. नोकरीसाठी ३२ धरा. मोठ्या कोऑर्डिनेशनला ६४ हवेतच.

विकत घेण्याआधी दुकानातच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडायला सांगा. तिथे एकूण स्लॉट किती आणि भरलेले किती ते दिसतं. १६ जीबीची एक पट्टी आणि एक स्लॉट रिकामा असेल तर पुढे तशीच दुसरी पट्टी टाकता येते, आणि दोन पट्ट्या झाल्या की मेमरीचा वेगही सुधारतो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती जन्मभर तेवढीच राहणार, म्हणून असं मॉडेल घ्यायचंच असेल तर सुरुवातीलाच ३२ घ्या.

आता कार्ड. रेव्हिटला स्वतःला फार काही लागत नाही : डायरेक्टएक्स ११ (विंडोजची ग्राफिक्सची व्यवस्था) चालवणारं, ४ जीबी मेमरीचं साधं कार्ड पुरे. महागडं वर्कस्टेशन कार्ड तर रेव्हिटसाठी मी कुणालाच सुचवत नाही. चित्र बदलतं ते एनस्केप, ट्विनमोशन, लुमियन किंवा डी५ अशी रेंडरची सॉफ्टवेअर आल्यावर. ही सगळी कार्डावरच जगतात, आणि झाडं, गवत, फर्निचर, मोठी टेक्स्चर भरत गेलात की कार्डाची मेमरी आधी संपते. वॉकथ्रू, म्हणजे इमारतीत फिरवून दाखवणारे व्हिडिओ, हेच तुमचं काम असेल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका, जमलं तर १२. लॅपटॉपमध्ये आणखी एक गोष्ट विचारायची : कार्डला किती वॅट दिलेत? आरटीएक्स ४०६० हे एकच नाव लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मिळतं. डब्यावरचं स्टिकर सारखंच, काम मात्र खूप वेगळं. हा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रात सापडतो, विक्रेत्याला बहुधा सांगता येत नाही.

प्रोसेसरच्या नंबरातलं शेवटचं अक्षरही असंच वाचायचं. इंटेलमध्ये 'यू' म्हणजे बॅटरी वाचवणारा, 'एच' आणि 'एचएक्स' म्हणजे जोर लावणारा. आणि जोर लावला की उष्णता आलीच. एप्रिल-मे महिन्यात नागपूरला किंवा अकोल्याला पंख्याखाली बसून काम करणाऱ्याचा लॅपटॉप पहिली दहा मिनिटं छान पळतो आणि मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. दुकानातल्या एसीत हे कळत नाही. म्हणून ज्याच्याकडे तेच मॉडेल आहे अशा मित्राच्या मशीनवर अर्धा तास काम करून बघा आणि टास्क मॅनेजरमधला गिगाहर्ट्झचा आकडा कुठे स्थिरावतो ते पाहा. गादीवर लॅपटॉप ठेवून काम करू नका, खालची जाळी बंद होते. आणि चार्जर लावूनच काम करा, बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग कमी करतात.

मॅकबद्दल थोडक्यात : रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं. नव्या, ॲपलच्याच चिपवाल्या मॅकमध्ये विंडोज थेट टाकता येत नाही, आणि पॅरलल्सवर (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) रेव्हिट चालवून सबमिशनच्या आदल्या रात्री धोका पत्करावा असं मला वाटत नाही. आर्किकॅड, राइनो, स्केचअप वापरणाऱ्यांना मॅक चांगला.

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या, १ टीबी. यावर जास्त विचार करायची गरज नाही.

मशीन बदलायच्या आधी एकदा मॉडेल मात्र तपासा. आमच्याकडे "पीसी स्लो आहे" अशी तक्रार आली की मी आधी फाइल उघडतो. बऱ्याचदा कुणीतरी लँडस्केपची अख्खी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) लिंक न करता इम्पोर्ट केलेली असते, किंवा उत्पादकाच्या साइटवरून पंपाची फॅमिली (रेव्हिटमधला तयार घटक) आणलेली असते, जिच्यात बोल्टचे आटेसुद्धा मॉडेल केलेले, आणि तसे पंप प्रत्येक मजल्यावर. वॉर्निंगची यादी शेकड्यांत. न वापरलेल्या गोष्टी पर्ज करा (काढून टाका), थ्रीडी व्ह्यूला सेक्शन बॉक्स लावा, म्हणजे हवा तेवढाच भाग दिसेल, सावल्या बंद ठेवा, नको ते व्ह्यू बंद करा, आठवड्यातून एकदा सेंट्रल फाइल (सगळ्यांची सामायिक मुख्य फाइल) ऑडिट करून कॉम्पॅक्ट सेव्ह करा. आपले बदल त्या फाइलमध्ये सिंक व्हायला वेळ लागत असेल तर वायफाय सोडून लॅनची वायर लावा. एवढं करूनही अडलं तर मशीनचा विचार.

बजेट कमी असेल आणि मशीन घरातच राहणार असेल तर असेंबल्ड डेस्कटॉपला तोड नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन-तीन दुकानांत तीच यादी देऊन जीएसटीसह कोटेशन घ्या. यादीत सगळ्यात वर चांगल्या वेगाचा प्रोसेसर. इंटेलच्या नंबराच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तो टाळा. ३२ जीबी रॅम दोन पट्ट्यांत घ्या आणि चार स्लॉटचा मदरबोर्ड बघा. पॉवर सप्लाय पहिल्याच दिवशी चांगल्या कंपनीचा, ६५० वॅटचा. यूपीएस घेताना व्हीएकडे नाही, वॅटकडे बघा : ६०० व्हीए म्हणून मिळतो तो साधारण ३६० वॅटचा असतो, मोठं कार्ड आल्यावर तो पुरणार नाही. कार्ड आत्ता घेऊच नका. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर कॉलेजची मॉडेल चालतात, रेंडर लॅबमध्ये उरकता येतात, आणि इंटर्नशिपचा स्टायपेंड हातात येईल तेव्हा तुम्हाला लुमियन लागतं की नुसतं रेव्हिट, हेही स्पष्ट झालेलं असेल.