शेणखत विस्कटण्याच्या धंद्यात या चुका टाळा

उसाचा गाळप हंगाम संपतो, खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या फुटव्यावर घेतलेल्या पिकाची) रानं मोडली जातात, नांगरटी होतात आणि पाडव्यानंतर आमच्या फोनला उसंत राहत नाही. जुलै-ऑगस्टच्या आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाच्या लागणीसाठी सगळ्यांना एकाच वेळी खत हवं असतं. अशा घाईत आम्ही ट्रॅक्टरवाले ज्या चुका करतो, त्या शेतकऱ्याला काही महिन्यांनी पिकात दिसतात. तोवर आपण पैसे घेऊन मोकळे झालेले असतो. मला हे बरोबर वाटत नाही. शेणखताचा दर आज साधा नाही, माणूस सोसायटीचं कर्ज काढून खत घेतो. ते रानात पडणं वेगळं आणि त्याच्या पिकाला लागणं वेगळं. आपण पैसे घेतो ते या दुसऱ्या गोष्टीचे.

ढीग मारून निघून जाणं

ही आमच्यातली सर्वांत जुनी सवय. दहा-पंधरा पावलांवर ढीग मारायचे आणि विस्कटायचं काम मालकाच्या गड्यांवर सोडायचं. गडी मिळत नाहीत, चार दिवसांचे पंधरा दिवस होतात आणि ढीग उन्हात वाळत पडतात. खतातला नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत जातो. खत जितकं ताजं तितकं हे नुकसान मोठं, आणि पोल्ट्रीच्या खतात तर सर्वांत जास्त. खताच्या ट्रॉलीमागे जो डोळ्यांत झोंबणारा वास येतो ना, तो शेतकऱ्याचा पैसाच उडून चाललेला असतो.

वळीव पडला तर आणखी बिघडतं. ढिगातला रस खाली उतरून तेवढ्याच जागेत मुरतो. मग लागणीनंतर बांधावर उभं राहिलं की ऊस ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतो. ढिगाच्या जागी काळाभोर, पुढं वाऱ्यात लोळणारा, आणि मधल्या सऱ्यांत फिका. एका मालकांनी मला बांधावर नेऊन हे दाखवलं होतं. ते एक शब्द रागानं बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर मी ढीग मारून निघून जाणं सोडलं.

आता माझा नियम असा: ज्या दिवशी खत पडेल त्याच दिवशी विस्कटायचं, आणि संध्याकाळपर्यंत रोटर किंवा कुळव फिरवून मातीआड करायचं. रोटर आपला नसेल तर ट्रॉली भरण्याआधी मालकाला विचारा, "दादा, रोटरवाला कधी येणार?" तो परवा येणार असेल तर खतही परवाच न्या. धनगरांची बकरी रानात बसवली तरी तेच. तळ उठला की लेंड्या आणि मूत लगेच मातीत मिसळलं तरच त्याचा गुण येतो.

ट्रॉली हे माप नव्हे

"एकरी आठ ट्रॉल्या" म्हणजे नेमकं किती? दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच ट्रॉली काठोकाठ भरली तर 120 घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासला जरा कमी (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). शीग लावली की माप बदललं, खत ओलं असलं की वजन बदललं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात वजनकाट्यांना तोटा नाही. हंगामाच्या सुरुवातीला आपली ट्रॉली एकदा ओल्या आणि एकदा वाळक्या खतानं भरून काट्यावर घ्या आणि ते आकडे वहीत लिहून ठेवा. भांडणं निम्म्यानं कमी होतात.

उसाला हेक्टरी 25 टनांच्या आसपास कुजलेलं शेणखत सांगितलं जातं, म्हणजे एकरी 10 टन. खत विस्कटणारं मशीन, म्हणजे स्प्रेडर, तेवढं टाकतंय का, हे बघायला दहा बाय दहा फुटांची ताडपत्री रानात अंथरायची, ट्रॅक्टर नेहमीच्या वेगानं तिच्यावरून न्यायचा आणि पडलेलं खत तोलायचं. एकरात 43,560 चौरस फूट असतात, म्हणजे अशा साधारण 435 ताडपत्र्या. तेव्हा एका ताडपत्रीवर 23 किलो पडलं पाहिजे. 15 किलो भरलं तर वेग कमी करा, 35 भरलं तर वाढवा. पट्ट्याच्या कडेला खत विरळ पडतं, म्हणून पुढचा पट्टा थोडा आधीच्या पट्ट्यावर चढवून घ्यायचा. हे न केल्यामुळं पट्टेरी झालेली रानं मी बरीच पाहिली आहेत.

पोल्ट्रीच्या खताला शेणखताचा हिशोब लावणं ही तर घातक चूक. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे 10 टनांत 50 किलो. पोल्ट्रीच्या वाळलेल्या खतात तो तीन टक्क्यांच्या घरात असू शकतो. दोन टनांतच 60 किलो झाला. तेच खत ट्रॉल्या मोजून ओतलं की कोंब करपतात. करपायला लागलेच तर भरपूर पाणी देऊन ते धुऊन काढणं आणि वरखताचा पुढचा हप्ता थांबवणं, एवढंच हातात राहतं. शिरोळकडच्या क्षारपड रानात तर माती तपासल्याशिवाय हे खत टाकूच नका, त्यात क्षार भरपूर असतात.

कच्चं खत भरणं

उकिरडा वरून काळा दिसतो, फावडं घातलं की आतून हिरवं शेण आणि अख्खा पाला निघतो. असं खत पडलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि ऊस पिवळा पडतो. शेतकरी म्हणतो खत खोटं होतं. खत खोटं नसतं, कच्चं असतं. अशा वेळी युरियाचा थोडा हप्ता आधी देऊन पीक सावरता येतं, पण तो खर्च आपल्यामुळं झाला हे मान्य करायला हवं. कारखान्याचं ताजं प्रेसमडही (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) असंच, कुजवल्याशिवाय रानात नेऊ नये.

ओळखायचं कसं? लोखंडी गज ढिगात खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. गज हातात धरवत नसेल तर ढीग अजून तापलेला आहे. ही उष्णता 55-60 अंशांवर गेली आणि ढीग वरखाली होऊन सगळीकडं पोचली, तरच तणाचं बी मरतं. नाहीतर भांगलणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. ढीग थंड झाला आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास आला की भरा.

हुमणीची, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीची, भीती सगळ्यांना असते आणि ती खरी आहे. पण उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. सपाट जागी ठेवल्यावर जी पाठीवर सरपटते, ती कुजका पाला खाणारी. पायांवर चालणारी दिसली तर भरणी थांबवा, खत उन्हात पातळ पसरा, कोंबड्या सोडा. शेतकऱ्याला कुजलेल्या खतातून मेटारायझियम (हुमणी मारणारी बुरशी) द्यायचं असेल तर मात्रा ऊस व गूळ संशोधन केंद्रात विचारून घ्या, अंदाजानं नको.

गोठ्यातल्या खतात सुतळ्या, पशुखाद्याच्या पोत्यांचे धागे, इंजेक्शनच्या सुया येतात. तीच सुई मग अनवाणी भांगलणाऱ्या बाईच्या पायात जाते. भरताना एक माणूस फक्त हे वेचायला ठेवा.

नदीकाठ आणि ओढा

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. त्या पट्ट्यात मेअखेर ढीग लावून ठेवणं म्हणजे ते खत नदीला देणं. इचलकरंजीच्या बाजूला नदीत जलपर्णी कशावर माजते? असल्याच नत्र-स्फुरदावर, आणि गावांच्या सांडपाण्यावर. ओढ्याच्या आणि विहिरीच्या कडेचा पट्टा मोकळा सोडा, उतारावर पाऊस डोक्यावर असताना मशीन सुरू करू नका. गगनबावडा, राधानगरीकडं तर मृगाच्या आधीच खत मातीआड झालेलं असावं. काळ्या रानात वापसा (चालण्याजोगी बेताची ओल) नसताना भरलेली ट्रॉली घालू नका. चाकाखाली दबलेली माती वर्षभर सुटत नाही.

मेथी-कोथिंबिरीच्या रानाला कच्चं शेण नकोच. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चं शेण आणि काढणी यांत 120 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं.

रस्त्यावर ताडपत्री बांधा. पाणंदीत सांडलेलं खत त्याच दिवशी उचला. गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशी पोल्ट्रीचं खत घरांजवळ पसरू नका.

जिथं चुकायला दुसरी संधी नाही

स्प्रेडरला ट्रॅक्टरकडून ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचं कव्हर कधीही काढू नका. दांडा फिरत असताना लुंगी, टॉवेल, ओढणी घातलेला माणूस जवळ नको. अडकलेलं खत ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात घालूनच काढायचं.

स्लरीच्या (पातळ शेणकाल्याच्या) बंद खड्ड्यात स्लरी ढवळली की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. जास्त झाला की त्याचा वासही येत नाही, माणूस तिथंच कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. खड्डा आधी उघडा करून ठेवा, मोटार बाहेरून चालवा. पाइप खाली पडला तर दोरीनं आकडा सोडून काढा. पाइपसाठी कुणालाही आत उतरवू नका.