प्लास्टिकच्या सराव-तलवारी वापरताना या चुका टाळा

पावसात दोन दिवस उघडीप मिळाली की कोकणात घरातलं सगळं खळ्यात उन्हाला येतं. सरावाच्या तलवारीही त्यात टाकल्या जातात. ही पहिली चूक. अशा तलवारींसाठी वापरलं जाणारं पॉलीप्रॉपिलीन हे प्लास्टिक पाणी शोषत नाही, त्यामुळे फडक्याने पुसली की तलवार कोरडी झाली. उन्हातल्या अतिनील किरणांनी मात्र हे प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं. पातं निस्तेज दिसायला लागतं, बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते. अशी तलवार ऐन वारात तुटू शकते. ती पडवीत सावलीला ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत तिरकी टेकवून ठेवली, तर उष्णतेने पातं वाकतं. वाकलंच तर विस्तवावर धरू नका. कढत पाणी ओतून सरळ करा आणि सपाट फळीवर वजनाखाली थंड होऊ द्या.

नायलॉनचं पातं मात्र हवेतली ओल घेतं. म्हणून पावसाळ्यात तेच पातं जरा जास्त लवचिक वाटलं तर ते बिघडलं असं समजू नका.

सरावाआधी प्रत्येक तलवार हातात घेऊन बघाच. धारेच्या कडेवरून जाड कापड ओढा. कुठे अडकलं तर तिथे प्लास्टिकचं कुसळ उठलेलं असतं, आणि ते कातडी ओरबाडतं. बारीक पॉलिश पेपरने घासलं की जातं. मग पातं हलकेच वाकवून परजेजवळ, म्हणजे मुठीच्या वरच्या आडव्या पट्टीजवळ, नीट पाहा. जोर सगळा तिथेच येतो. नुसती पांढुरकी रेघ दिसली तर नजर ठेवा, पण नख अडकेल अशी चीर असेल तर ती तलवार बाजूला काढा. फेव्हिक्विक किंवा चिकटपट्टीवर विसंबू नका, पॉलीप्रॉपिलीनला साधा गोंद धरत नाही. मुठीत लोखंडी स्क्रू असेल तर खाऱ्या वाऱ्याने तो गंजतो. मूठ खुळखुळली की आधी तोच तपासा.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘प्लास्टिकच तर आहे, लागत नाही’. ती कापत नाही, एवढंच. जोराच्या फटक्याने बोटाचं हाड मोडतं, आणि टोक डोळ्यात गेलं तर भरून न येणारं नुकसान होतं. क्रिकेटचं हेल्मेट इथे चालत नाही, कारण जाळीच्या फटीतून टोक आत शिरू शकतं. तलवारबाजीचा जाळीदार मुखवटाच हवा, शिवाय गळ्याला संरक्षण. बॅटिंगचे ग्लव्ह्ज मुख्यतः बोटांची पाठ झाकतात, टोकं पुरती झाकली जात नाहीत. तेवढ्यावर जोडीची लढत पूर्ण वेगाने खेळू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे फरीगदगा याच काळजीतून खेळला जातो: चामड्याने मढवलेली काठी आणि चामड्याची ढाल.

हलक्या तलवारीने वेग आपोआप वाढतो आणि मनगटाला खोटी सवय लागते. शिवाय प्लास्टिकवर प्लास्टिक घसरतं, त्यामुळे अडवलेला वार निसटला म्हणजे पोराची चूकच झाली असं नाही. पोलादी पात्याशी मात्र ती कधीच भिडवू नका, एका सरावात कडा कुरतडल्या जातात.

पुळणीवर खेळलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा. मुठीच्या कापडात अडकलेली वाळू तळहात सोलते. आणि मोडलेली तलवार कापून धाकट्या पोरांना खेळायला देऊ नका, त्या तुटक्या टोकालाच खरी धार असते.