बादलीचा वास कसा गेला

कोथरूडला आम्ही सहाजण एका फ्लॅटमध्ये राहतो. खत करायचं म्हणून ओल्या कचऱ्याची बादली बाल्कनीत ठेवली, तर आठवड्यात अळ्या, आणि वास असा की शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. चूक आमचीच. उरलेली आमटीसुद्धा तीत ओतत होतो. पाणी जास्त, हवा नाही, मग कचरा नुसता सडतो.

बादलीला बुडाशी आणि बाजूंना भोकं पाडली, खाली ताटली ठेवली. आमटी बंद. प्रत्येक थरावर ओल्याच्या दुप्पट वाळका पाला, वर थोडं आंबट ताक. तीन दिवसांनी काठीने ढवळायचं (पाळी कुणाचीही असो, ढवळतो मीच). चार-पाच दिवसांत वास गेला.

दुधाच्या पिशव्या मात्र अजून कुणी धूत नाही.