मॉड्युलर सिंथमध्ये मिड-साइड पद्धतीने स्टिरिओची रुंदी कशी आवरावी

हेडफोनवर ऐसपैस वाटणारा पॅच (मॉड्यूल तारांनी जोडून केलेली रचना) एकाच स्पीकरवर वाजवला की पोकळ होतो, कारण डाव्या-उजव्या बाजूंतला फरक बेरजेत नाहीसा होतो. हा फरकच वेगळा काढून हवा तेवढा परत मिसळणे म्हणजे मिड-साइड. बेरीज-वजाबाकीची ही युक्ती ॲलन ब्लुमलाइन यांच्या १९३१ सालच्या पेटंट-अर्जातली आहे. युरोरॅकमध्ये, म्हणजे मॉड्युलर सिंथच्या प्रचलित साच्यात, ती साध्या मॉड्यूलांनी उभी राहते: दोन सिग्नल वाटायला मल्ट, डोएफर ए-१३८सी सारखे चार पोलरायझिंग (सिग्नल उलटा करूनही मिसळू शकणारे) मिक्सर आणि एक लिनियर व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने सिग्नलची पातळी कमी-जास्त करणारे मॉड्यूल.

प्रथम डावा आणि उजवा सिग्नल मल्टमधून दोन मिक्सरांकडे न्यावेत. पहिल्या मिक्सरमध्ये दोन्ही अर्ध्या पातळीवर मिळवले की मिड तयार होतो. दुसऱ्यात डावा अर्धा अधिक आणि उजवा अर्धा उणे ठेवला की साइड. पातळी निम्मी करण्याचा कंटाळा करू नये, कारण ±५ व्होल्टचे दोन सारखे सिग्नल जसेच्या तसे मिळवले तर बेरीज ±१० व्होल्टपर्यंत जाते आणि ±१२ व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर चालणारे पुढच्या मॉड्यूलमध्ये आवाज फाटू लागतो.

साइड व्हीसीएमधून न्यावा आणि मिडसह उरलेल्या दोन मिक्सरांत घालावा. तिसऱ्यात मिड अधिक साइड म्हणजे डावी बाजू, चौथ्यात मिड उणे साइड म्हणजे उजवी.

आता खरे काम, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. एकच ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे मॉड्यूल) दोन्ही इनपुटांना जोडून फक्त साइड ऐकावा आणि उजव्या सिग्नलचा नॉब सावकाश फिरवावा. आवाज बारीक होत होत एका जागी जवळजवळ विझतो. ती जागा केसभर रुंदीची असते आणि नॉबवरच्या खुणेशी क्वचितच जुळते. मग व्हीसीए पूर्ण उघडून ऑसिलेटर फक्त डाव्या इनपुटाला द्यावा. उजव्या आउटपुटातून काही ऐकू येत असेल, तर चौथ्या मिक्सरमधला साइडचा नॉब ते थांबेपर्यंत हलवावा. दुसऱ्या बाजूनेही हीच तपासणी करून तिसरा मिक्सर जुळवावा.

इथून पुढे व्हीसीए बंद म्हणजे मोनो, जुळवलेल्या जागी मूळ रुंदी. पुष्कळ व्हीसीए सिग्नल वाढवत नाहीत, म्हणून अधिक रुंदीसाठी दोन्ही आउटपुट मिक्सरांत मिड सारखाच कमी करावा. व्हीसीएला संथ एलएफओ (हळू झुलणारे नियंत्रण-व्होल्टेज) दिल्यास रुंदी श्वासासारखी हलते, पण मला ती खर्जाच्या सुरांत नकोशी वाटते. साइडवर सुमारे १२० हर्ट्झचा सौम्य हायपास (त्याखालचे सूर गाळणारा) फिल्टर लावला की खर्ज मध्यभागी राहतो. तीव्र उताराचा फिल्टर मात्र फेज (लहरीची वेळेतली जागा) वळवून त्या पट्ट्यातला डावा-उजवा तोल बिघडवतो.

स्रोतच मोनो असेल तर साइड शून्य असतो आणि व्हीसीए कितीही उघडला तरी रुंदी येत नाही. अशा वेळी स्रोत मिडमध्ये ठेवून त्याचीच १० ते २० मिलिसेकंद उशिराची प्रत, कोरा आवाज न मिसळता, साइडच्या जागी द्यावी. मोनोत ती प्रत पूर्ण कटते आणि मूळ आवाज शाबूत राहतो.